सोबतीसाठी सरकारी माणूस

आमच्या गावात एक माणूस चालायचा. कुठे जायचा नाही, नुसता चालायचा. अहेरीकडच्या जंगलात बांबूतोडीला गेला होता, तिथून उन्हाळ्याच्या अखेरीला परत आला आणि तेव्हापासून त्याला बसणं म्हणून जमेना. जेवायचासुद्धा उभ्याने, तेही दारातून आत-बाहेर करत. घरातून तलावाचा बांध, म्हणजे आमची पाळ, पाळीवरून शेतांचे धुरे, धुऱ्यांवरून जंगलाची कड आणि पुन्हा घर. चालण्याच्या नादात त्याला पुढचं पाणी दिसायचं नाही की झुडपातलं जनावर.

म्हणून गावाने बारी लावली होती. आज या घरचा माणूस त्याच्यामागे, उद्या त्या घरचा. त्याला धरायचं नाही, अडवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. तो पाण्याकडे कलला की आपण पाण्याच्या बाजूने व्हायचं. औषध एवढंच.

मी तिथला मास्तर. शिकवायचो बरं, पण खरा जीव दंडारीत. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. मी राक्षस झालो की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरत. माझीही बारी यायची. त्याच्यामागे दिवसभर फिरून आलो की बाजेवर पडल्या पडल्या माझे पाय आपोआप हलत राहायचे. शेजारी तेच सांगायचा. सगळ्या गावालाच त्याचं चालणं लागलं होतं म्हणा ना!

मग रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली. रोवणीत म्हातारी माणसंही चिखलात उतरतात. याच्यामागे चालणार कोण? त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "नागपूरले वेड्याच्या दवाखान्यात नेऊन टाकतो. रोवणी झाली का आणू." पलीकडच्या गावातला एकजण असाच तिकडे गेला होता. त्याला आणायला अजून कोणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाची बायको शाळेच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, ब्लॉकवाले विहिरीले पैसे देतेत, रस्त्याले देतेत, कोंबड्याइले देतेत. माह्या माणसाले काऊन नाई? रोवणीपुरता एक माणूस लावून द्या म्हणा त्याच्यामांगं."

तिचं म्हणणं मी अर्जात लिहून ब्लॉकच्या कचेरीत धाडलं. आणि काय नवल, साहेब पाहायला येणार असा निरोप आला.

पाटलांनी बैठक बोलावली. "सरकार डोळ्यानं दिसते त्यालेच देते," ते म्हणाले. त्याला पुरावाही होता. रस्ता मागितला तेव्हा आम्ही आधीच्या साहेबांसमोर भरलेली बैलबंडी मुद्दाम चिखलात फसवली होती. दोन्ही बैल इतके सुंदर धापा टाकत होते की रस्ता जागच्या जागी मंजूर झाला. यावेळी तर काही करायचीच गरज नव्हती. माणूस आपला चालेल, साहेब पाहतील.

साहेबांची जीप आली, साहेब उतरून पुढे झाले. तो पाळीवरून आला, जीपभोवती फिरला, मागच्या बाजूने वर चढला आणि बसला.

बसला! मांडीवर हात ठेवून, लग्नाला निघाल्यासारखा. त्याच्या बायकोने तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत, तिलाच ठाऊक. पाटलांच्या कपाळावर मात्र घाम.

"गुरुजी," ते माझ्या कानात म्हणाले, "तुमी तो व्हा गा."

साहेब नवे, मला ओळखत नव्हते. आता कलावंताला आणखी काय हवं? शाळेमागे जाऊन केस विस्कटले, तोंडाला माती फासली आणि अशी आरोळी ठोकली की चिंचेवरचे बगळे उडाले. तो बिचारा कधी चढ्या आवाजात बोललासुद्धा नव्हता. पण मी माझ्या ठेवणीतला अख्खा राक्षस ओतला. साहेब मागे सरता सरता कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले.

"याला मोकळा सोडता तुम्ही? नाव काय याचं?"

पाटलांनी नाव सांगितलं. अर्थात, त्या चालणाऱ्याचं.

"उद्याच्या उद्या नागपूरला पाठवा. मी आजच हुकूम काढतो."

माझी आरोळी अर्ध्यात विरली. टाळ्यांची वाट पाहत होतो मी! गर्दीतून ती आली आणि तिने सरळ माझा कान पिळला.

"थांबा गुरुजी! पुरे झाली तुमची दंडार! साहेब, हे आमचे मास्तर होत. माहा माणूस तो पाहा, तुमच्याच गाडीत बसून हाये."

साहेब लाल झाले. "सरकारला फसवता?"

तेवढ्यात तो जीपमधून उतरला आणि चालायला लागला. बारी शिंप्याची होती. त्याने बिडी विझवली, कानावर ठेवली आणि निघाला त्याच्यामागे. कोणी सांगितलं नाही, कोणी पाहिलंही नाही. पाहिलं फक्त साहेबांनी.

"हा कुठे निघाला?"

"त्याची बारी हाये," ती म्हणाली. "उद्या अजून कोणाची. रोवणीत कोणाचीच नाई. तेच मांगून राह्यलो, साहेब."

साहेबही मागोमाग चालू लागले. परत आले तेव्हा बूट चिखलाने भरलेले आणि श्वास फुललेला.

"माणसामागे चालायला अनुदान नाही माझ्याकडे," ते म्हणाले. ती तशीच उभी राहिली. मग बूट झटकता झटकता ते पुटपुटले, "पावसाळ्यात तलावाची पाळ राखायला मात्र माणूस लावता येतो. पाळीवर फिरणारा."

"हा पाळीवरच फिरते ना साहेब, दिवसभर फिरते!" पाटील.

"अन् हे पाळीखाली उतरले तं?" तिने विचारलं.

"तर राखणदाराने मागे उतरावं. पाळ काय पळून जाते?"

जाताना ते माझ्याकडे वळले. "मास्तर, राक्षस जरा कमी करा."

रोवणी लागली, पाळीवर राखणदारही लागला. पाऊस असा की समोरचं धड दिसेना. ती बायांच्या ओळीत वाकून रोपं लावायची आणि चार रोपं झाली की मान वर करून पाळीकडे पाहायची.

"वरतं काय पाहतं वं? चिखल खाली हाये!" बाया हसायच्या.

"दोघं हायेत," ती म्हणायची आणि पुन्हा वाकायची. जरा वेळाने पुन्हा मान वर.