कुडव्यात उघडलेली मूठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शरीरात जे काही होतं त्यामागे नस, स्नायू, सांधा असं काहीतरी कारण असतंच, हे मी रोज पेशंटना समजावते. घरही आमचं विहारात जाणारं... अंगात येणं, बाहेरची बाधा असलं काही आमच्याकडे ऐकूनसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय.

गोंदियाजवळ कुडव्याला आम्ही राहतो - मी, दादा, वहिनी आणि बाबा. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण डाव्या हाताची मूठ आवळली ती आवळलीच. मी रोज सकाळी ती उघडायला बसायची आणि बाबा ओरडायचे, "सोड वं सुनंदा, कायले तरास देऊन राहिली!"

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या काही उपासकांनी श्रीलंकेत मोफत आरोग्य शिबिर ठरवलं. मीही गेले. एका खेड्यातल्या विहाराच्या अंगणात आमची टेबलं लागली. एका दुपारी एक आजोबा आले. तसाच डावा हात, तशीच मूठ. तिथल्या भन्तेंनी कसलंसं औषधी तेल आणून दिलं... हिरवट, नाकात झोंबणारं. दुभाषी मुलगी नेमकी जेवायला गेलेली. मग मी सरळ आपल्याच बोलीत सुरू झाले - "बाबा, खोला ना जी मूठ. भेऊ नका. मी आहो ना."

 ते तेल लावून बराच वेळ चोळलं. मूठ काही उघडली नाही. मला एकदम रडू आलं. असं पेशंटसमोर कधी होत नाही.

संध्याकाळी वहिनीचा व्हिडिओ कॉल. बाबांनी कॅमेऱ्यासमोर डावा पंजा धरला. उघडा!

"कधी झालं हे?"

"दुपारी जेवून पडले होते," वहिनी म्हणाली. "उठले त हात खुला. म्हणतात, सुनंदा आत्ताच तेल लावून गेली. अन् ताई, हाताले कसला त वास येऊन राहिला... आपल्या घरी असं तेलच नाही."

त्या आजोबांबद्दल मी घरी एक शब्दही बोलले नव्हते.

स्नायूंचा ताठरपणा कधीकधी आपोआप सैल होतो, असं मी स्वतःला सांगितलं. बाबांना स्वप्न पडलं असेल. पण निघताना भन्तेंनी मला त्या तेलाची बाटली दिली होती. घरी बॅग रिकामी करताना वहिनीनं झाकण काढून वास घेतला आणि तशीच पलंगावर बसली.

"हाच तो," एवढंच म्हणाली.

बाबांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले - "हाथ खुल गया ना? फिर क्यों परेशान हो?"

दुभाषी मुलीला मेसेज करून आजोबांची चौकशी केली. त्यांची मूठ तशीच आहे, म्हणाली. तेव्हा कुठे त्या आजोबांचं सगळं मी बाबांना सांगितलं. बाबा आपल्या पंजाकडे बघत बसले. बोटं मिटली, उघडली.

मग म्हणाले, "पुन्हा जाशीन त मले घेऊन चाल. हे खुलणं त्याचं असन त त्याचं त्याले देऊन येऊ. आपल्याकडं काऊन ठेवाचं?"

मला यातलं काहीही उलगडलेलं नाही. बाबांच्या पासपोर्टचा अर्ज मात्र भरलाय.