शहाजिऱ्याची पारख

आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत होती, आणि तीही नावापुरती. अलीकडे मी भाजी निवडत बसले होते. पलीकडे धाकटी जाऊ भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, विचारत होती, "वाटीत काय आहे सांगा बरं. नुसता श्वास ओढू नका."

"शहाजिरं कुटलंयस. दुसरं काय असणार?"

"ओवा आहे तो."

मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. भांडं आपटणं हे भाऊजींचं उत्तर असे. पण जाऊ हटायला तयार नव्हती. तापातून उठल्यापासून तुम्हाला कसलाच वास येत नाही, दूध करपलं तरी कळत नाही, असं ती एकेक काढत गेली. शेवटी भाऊजी हळूच म्हणाले, "बाहेर कळलं तर घरी बसवतील मला."

खोटं नव्हतं ते. भाऊजी एका बेकरीत मसाल्याचे खरेदीदार. त्या बेकरीचा शहाजिऱ्याचा पाव लांबून लांबून माणसं न्यायची, आणि शहाजिरं भाऊजींनी हुंगून 'हो' म्हटल्याशिवाय गोदामात येत नसे. आता ते नाक जागच्या जागी होतं, पण आतला दिवा विझलेला. घरात दोन लेकरं. जावेनेच मग वाट काढली. नमुन्याच्या पुड्या घरी आणायच्या, ती पारखणार, चांगल्या पुडीला दोऱ्याची गाठ मारून देणार.

भाऊजींनी बेकरीत सांगितलं की मी माल रात्रभर उशाशी ठेवून पारखतो. लोकांना खरं सांगितलं तर शंभर प्रश्न विचारतात. उशाशी म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

पारख कशी चालते ते मी जावेच्या शेजारी बसून पाहिलंय. दाणा बारीक हवा, नखाच्या कातरणासारखा वाकडा, अंगावर फिकट रेघा. देठ नि माती वेगळी काढायची. चिमूटभर तळहातावर घ्यायचं, अंगठ्याने रगडायचं, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि मग हुंगायचं. शेवटी एक दाणा दाताखाली. आधी गोडसर लागतो, मग झणका, आणि नंतर जीभ गार पडते. जीभ गार पडली नाही तर पुडी बाजूला. तिचा स्वयंपाकही तसाच. शहाजिरं जिऱ्यासारखं तडतडवायचं नाही, जळून कडू होतं. तूप कोमट असतानाच टाकायचं, वास सुटला की वर उकडलेला बटाटा नाहीतर कोबी. कुटायचं ते लागेल तेवढंच, त्या वेळी. मी वर्षाचं कुटून शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवायची, तर म्हणाली, "वहिनी, त्यापेक्षा लाकडाचा भुसा ठेवा, स्वस्त पडेल." आठ दिवस बोलले नाही मी तिच्याशी. बरणी मात्र हलवली.

भाऊजींचा तोरा वाढतच गेला. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नाक बंद ठेवून सोलणारा हा एकच. जेवायला बसले की म्हणायचे, शहाजिरं अंमळ जास्त झालंय. भाजीत शहाजिरं नसायचंच. जाऊ म्हणायची, उद्या कमी घालते.

एकदा तिची आई आजारी पडली म्हणून ती आठ दिवस माहेरी गेली. नेमकी तेव्हाच मोठी खरेदी निघाली. भाऊजींनी डोळ्यांनी माल निवडला. काळसर, एकसारखा, स्वच्छ. आहाहा. तेल काढून घेतलेला चोथा होता तो, पुन्हा वाळवून पोत्यात भरलेला. पावाला ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागला, गिऱ्हाइकं पाव परत आणू लागली. आणि आमच्या सिंहाने काय करावं? भट्टीवाल्याकडे बोट दाखवलं. आच जास्त ठेवतो म्हणे. बिचाऱ्याला काढून टाकायची वेळ आली.

जाऊ परतली ती तडक बेकरीत. तिथे तिचं ते पहिलंच पाऊल. मालकांसमोर तिने मूठभर दाणे रगडले आणि सांगितलं की यांनी पास केलेला नमुना चांगला होता, व्यापाऱ्याने पोतं बदललंय, हे तेल काढलेलं आहे. भट्टीवाला वाचला, भाऊजीही वाचले. मालक तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी असते तर नवऱ्याला तिथेच ओव्याची वाटी हुंगायला लावली असती.

भाऊजी निवृत्त झाले तेव्हा बेकरीने घड्याळ दिलं. भाषणात म्हणाले, आमच्या घरात जिरं आणि शहाजिरं यातला फरक मला एकट्यालाच कळतो. जावेने टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली घालून बसले. पुड्या पुढेही घरी येत राहिल्या, अनुभवी माणसाचा सल्ला म्हणून.

मग भाऊजी गेले. महिना झाला नसेल, बेकरीचा गाडीवाला पुड्या घेऊन दारात उभा. मी म्हटलं, अरे, पारखणारा माणूस गेला. तो म्हणाला, "मालक म्हणाले, पारखणाऱ्या बाई आहेत ना घरात."

म्हणजे ठाऊक होतं! त्या अंगठ्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. एका पगारात दोन माणसं मिळतात, मग कोण कशाला तोंड उघडेल? अशा शहाण्यांना देव लांबूनच नमस्कार करत असेल. मी पुड्या रस्त्यावर फेकायला निघाले. जावेने त्या माझ्या हातातून घेतल्या, न उघडताच गाडीवाल्याच्या हातात परत ठेवल्या.

"मालकांना सांग, पुडीवर आता मी पारखत नाही. गोदामात येईन, पोतं उघडून बघेन, आणि वहीत सही माझी असेल. नाहीतर पाव कशाचा करायचा ते त्यांनी बघावं."

चार दिवस कुणी फिरकलं नाही. मी म्हणत होते, जास्तच ताणलंस. ती कोबी चिरत होती. पाचव्या दिवशी रिकामी गाडी आली आणि गाडीवाल्याने उतरून तिच्यासाठी दार उघडलं.

त्यानंतर सात वर्षं, एकाआड एक मंगळवारी ती गोदामात गेली. शेवटच्या मंगळवारी अंगात कणकण होती, गुडघे सुजलेले, म्हणून सोबत मीही गेले. पाच पोती होती. तिने ती वरून नाही, तळाशी उसवून घेतली, कारण लबाडी तळाशी असते. रगडलं, वाफ सोडली, चावलं. दोन पोती नापास. व्यापारी म्हणाला, आजी, एवढं चालवून घ्या. "चालवून घ्यायला ती काय सायकल आहे?" म्हणाली, आणि वही पुढे ओढली. सही करायला तिला वेळ लागायचा, अक्षर न् अक्षर सुटं काढायची. पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ मारली, हात झटकले आणि मला म्हणाली, चला वहिनी, बटाटे उकडायला टाकून आलेय.