सावे सरांची अंधारी खोली

स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पिकलेल्या चिकूंवर चिलटं जमतात, तसे ते आपोआप जमतात. चिंचणीजवळच्या आमच्या शाळेत त्यातले निम्मे इतिहासाच्या सावे सरांचे. त्यांचं वेड एकच: मध्ययुगातल्या अरबी शास्त्रज्ञांकडून युरोप काय काय शिकला!

मी गणिताची. एकदा माझं डोकं फिरलं. "सर, आकडे आपले, शून्य आपलं. मग युरोपवाले 'अरबी आकडे' का म्हणतात?"

सरांनी तोच प्रश्न नववीत टाकला. मच्छीवाल्या जयाबाईंची मुलगी उठली. "सर, पापलेट बाबा धरतात. पण गिऱ्हाईक 'जयाबाईचं पापलेट' म्हणतं. दारापर्यंत तीच नेते ना!"



दुसऱ्या एका तासाला सर रंगात आले होते. "बीजगणित अरबांनी युरोपला दिलं!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, परत घेतील का विचारा ना!"

सूर्याची उंची मोजून वेळ काढायचं अरबांचं यंत्र सरांनी पुठ्ठ्याचं बनवलं. चारोटी नाक्यावर एसटीची वाट बघताना सर ते सूर्याकडे धरून उभे राहिले. वेळ अगदी अचूक सापडली. तेवढ्यात त्यांची डहाणूची एसटी समोरून निघून गेली!

यंदा सर रिटायर होणार. जाण्याआधी त्यांना विज्ञान प्रदर्शनात एकच गोष्ट दाखवायची होती. हजार वर्षांपूर्वी एका अरबी शास्त्रज्ञानं प्रकाश समजून घ्यायला वापरली, तशी अंधारी खोली. खिडकीला काळा कागद, त्याला एक भोक, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचा समुद्र, उलटा! मलाही मनापासून वाटत होतं, त्यांचं हे व्हावं.

मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, दम भरून हो म्हणाल्या. "पालकांची एक जरी तक्रार आली, तर खोली बंद!"

प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्याच आल्या जयाबाई, चार मैत्रिणींना घेऊन. भिंतीवर त्यांचीच बोट, बूड वर!

"अगो बाय! सर, उलटी बोट बघू नये. उद्या आमचे हे दर्यावर जायचेत. सरळ करा, नायतर मी चालले मोठ्या बाईंकडे!"

सरांनी प्रकाशकिरण समजावले. काही उपयोग नाही. सर घामाघूम झाले.

"जयाबाई, बोट नाही सरळ व्हायची. आपल्यालाच उलटं व्हावं लागेल," ते म्हणाले आणि भिंतीकडे पाठ करून स्वतःच ओणवे होऊन पायांमधून बघू लागले.

एवढ्यात दार उघडलं. दारात मोठ्या बाई. समोर सावे सर आणि पाच बायका, सगळे ओणवे!

"हे काय चाललंय?"

खालून जयाबाईंचा आवाज आला, "बोट सरळ करतोय, बाई! आधी दार लावा, उजेडानं गेली ना ती!"

मोठ्या बाईंनी दार लावलं. आतून!