घरात शिसं आणलं कुणी?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण ह्यात शहाणपणा सगळा माझा आणि फजितीही माझीच!

नागापूरला आमच्या अंगणवाडीत पोरांचं रक्त तपासलं, अंगात शिसं आहे का ते बघायला. आमची चिऊ तीन वर्षांची. तिच्या रक्तात जास्त निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, पण घरात शिसं कुठून येतंय ते शोधा. काजळ, सुटी हळद, कल्हई, खेळण्यांचा रंग, कशातूनही येतं. नाहीतर पोरीच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम होईल."

मग काय! घरी आलो आणि झडतीच घेतली. पहिला नंबर आईच्या काजळाच्या डबीचा.

"आरं, ह्येच काजळ घालून तू एवढा घोडा झालास न्हवं?"

"म्हणूनच गणितात नापास झालो!" म्हणत डबी टाकली अंगणात. चिऊनं टाळ्या पिटल्या, "भाईर!"

मग सुटी हळद. "भाईर!" कल्हईची पातेली. "भाईर!" रंग उडालेली बाहुली निघाली तेव्हा मात्र तिनं भोकाड पसरलं.

बायको म्हणाली, "अहो, आता भाजी कशात करू? तुमच्या हेल्मेटात?" पण मी ऐकतोय कुठला!

दोन दिवसांनी नर्सताई घर बघायला आल्या. मी नुकताच कामावरून आलेलो. आल्याआल्या चिऊचा पापा घेतल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही. तिला कडेवर घेऊनच ऐटीत अंगणातला ढीग दाखवला.

ताई बघत होत्या माझ्या शर्टाकडे.

"दादा, कामाला कुठं?"

"एमआयडीसीत. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो."

"आणि हे कपडे?"

"कामावरचेच की! पण मी काय शिसं खिशातून आणतो का?"

"खिशातून नाही, धुळीतून. आधी पोरीला खाली ठेवा."

आई कडाडली, "समदं घर भाईर फेकलंस! आन् मी रोज कोकलत हुते, आधी हातपाय धू, तवा कान कुटं गेल्ते?"

लाज वाटली हो. तेव्हापासून कारखान्यातच आंघोळ आणि कपडे बदलून मगच घर. पुढच्या तपासणीत चिऊचं शिसं उतरलं. जीव भांड्यात पडला, भांडीही घरात आली.

परवा कारखान्यात पाणी नव्हतं. तसाच आलो आणि सवयीनं दारातूनच हात पसरले. चिऊ उंबऱ्यावर उभी. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अंगणाकडे बोट केलं.

"पप्पा, भाईर!"

गेलो निमूट. पातेली फेकली होती त्याच जागेवर उभा राहिलो.