फौजींच्या कॉलनीत चोरी होत नाही

तुमच्या घराचं कुलूप फुटलं, तर तुम्ही आधी पोलिसांत जाल, की आधी नवं कुलूप लावून शेजाऱ्यांपासून लपवाल? खरं सांगा.

साताऱ्यातली आमची कॉलनी निवृत्त फौजींची. शेजारच्या सुभेदारकाकांनी फाटकावर पाटी लावली होती: 'माजी सैनिकांची वसाहत. चोरांनी विचार करून यावे.' चोरांनी विचार केला आणि आले.

आमच्या घरात पाटीपेक्षा पत्रकांवर जास्त विश्वास. वडील फौजी नाहीत, चळवळीतले; आयुष्यभर पत्रकं वाटत आले, मी ती वाचूनच अक्षरं शिकले. त्यामुळे आसपास घरफोड्या वाढल्याचं कानावर आलं, तेव्हा मी लगेच पत्रक काढलं: 'चोरी लपवणे म्हणजे चोराला सवलत!' सुभेदारकाकांनी ते चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"पोरी, हे दुसरीकडं वाट. हितं चोरी न्हाई हुयाची."

काका-काकू आष्ट्याला लग्नाला गेले आणि नेमकी त्यांच्याच घरी चोरी झाली. दुसऱ्या दिवशी पाहते तर दाराला कोरं कुलूप, आणि काका ते ओल्या मातीनं घासून जुनं करतायत.

"काय गेलं, काका?"

"कुठं काय? गंज बघतोय."

काकूंनी मात्र कुंपणावरून आईला सांगून टाकलं. "आवं, पदकांचा डबा नेला. चांदीची वाटली असतील मेल्याला. सव्वीस जानेवारीला झेंडा ह्यांनीच फडकवायचा. पदकांबिगर कसं जायाचं? दिवस लांब हाय, पण त्या दिवशीचा ताप आत्तापासनं ठरवून ठेवलाय!"

मग बातमी आली. सांगलीत एक चोर पकडला, त्याच्याकडे पदकंही सापडली. पण तक्रारच नाही, तर ती कुणाची म्हणायची? मी काकांना गाठलं.

"कागदावर आपली कॉलनी म्हणजे स्वर्ग आहे, काका. स्वर्गात गस्त कोण घालणार?"

"दुश्मन माझ्याच चौकीत शिरला, हे मी दुसऱ्या वर्दीवाल्याला सांगू?"

"नका सांगू. पदकं राहू देत चोराकडंच. लावेल तो छातीवर."

काकांनी चपला घातल्या.

पोलीस ठाण्यात बाकावर आमच्याच गल्लीतले दोन माजी जवान बसले होते.

"काय रं, हितं कुठं?" काकांनी पहिल्याला विचारलं.

"पासपोर्टचं काम. तू?"

"मी... लायसनचं."

दुसरा म्हणाला, "मी आपला ह्याच्यासंगं."

टेबलामागून अंमलदारांनी विचारलं, "चोरीची तक्रार कुणाची?" तिघंही छताचा पंखा बघू लागले. मी तोंड उघडणार, एवढ्यात काका उठले, टाचा जुळवल्या आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "माझी!"

"आमची बी," पासपोर्टवाला पुटपुटला. "मिक्सर गेला."

"माझा कुकर," दुसरा म्हणाला.

काका उसळले. "मग आधी का न्हाई बोललासा, गड्यांनो?"

"बोलणार कसं? फाटकावर पाटी तूच लावलीयास न्हवं!"

जप्त केलेला माल कोर्टातून सुटायला वेळ लागतो. सव्वीस जानेवारीला काकांनी पदकांशिवायच झेंडा फडकवला. ताप काही आला नाही. कुणी रिकाम्या छातीकडे पाहिलं, की फाटकापर्यंत ऐकू जाईल असं सांगत होते, "चोरीला गेल्यात. तक्रार दिलीया!"

तुमच्याही दाराला मातीनं घासलेलं नवं कुलूप असेल, तर आजच ठाण्यात जाऊन तक्रार द्या. आणि तिथं बाकावर शेजारी भेटलाच, तर त्याला पासपोर्टचं विचारत बसू नका. हाताला धरून सोबत टेबलापर्यंत न्या.