वाटीतलं कोरल

शेजाऱ्याच्या घरातला निळा उजेड आमच्या सामाईक गॅलरीत पडायचा आणि माझं डोकं फिरायचं. वाशीतली आमची सोसायटी तेव्हा नवी होती, आणि असला उजेड फक्त त्याच्याच घरी. तो जहाजावर इंजिनिअर. घरातल्या काचेच्या टाकीसाठी परदेशातून त्यानं समुद्री मिठाची पाकिटं, कोरलचे म्हणजे प्रवाळाचे जिवंत तुकडे आणि त्यांच्यासाठी खास निळी ट्यूब आणली होती.

माझी बायको रोज संध्याकाळी त्याची टाकी बघायला जायची. निमित्त वाटीचं. शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करायची नाही, ही दोन्ही घरांची रीत. आमच्या अळूवड्या गेल्या की तिकडून शेजारीणवहिनींची खीर यायची, खीर आली की इकडून शिरा निघायचा. मूळ वाटी कुणाची, हे कुणालाच आठवत नव्हतं. ती पोचवायला लागणारा वेळ मात्र वाढतच चालला होता.

एकदा वाटीतून कोरलच आलं. दगडाच्या कपचीवर तपकिरी, मऊ बोटं. बायको लहान मुलीसारखी हरखली. मी लगेच टाकी आणली. मीठ शेजाऱ्यानंच दिलं आणि म्हणाला, "साधी पांढरी ट्यूब लावा जवळ. तुमच्याकडे चालेल."

तुमच्याकडे चालेल! हे मला फार लागलं.

आधी मी मोठा बल्ब लावला, तर पाणी कोमट झालं. मग ट्यूब लावली. त्या पांढऱ्या उजेडात कोरल उमलायचं, पण रंगानं भिजवलेल्या मटकीसारखं दिसायचं. बायको एकदा बघून पुन्हा वाटी घेऊन निघाली. तेव्हा मी माळ्यावरून गणपतीच्या मखराचं सामान काढलं. त्यातला निळा जिलेटीन कागद ट्यूबला दुहेरी गुंडाळला. हुबेहूब शेजाऱ्याचा उजेड! त्या संध्याकाळी बायको माझ्या टाकीसमोर बसली. वाटी ओट्यावर तशीच राहिली. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण कोरल हळूहळू मिटलं आणि पांढरं पडू लागलं. शेजाऱ्यानं मुद्दाम रोगट तुकडा दिला, अशी माझी खात्रीच झाली. मी कागदाचा आणखी एक थर चढवला.

शेवटी बायकोनं त्याला बोलावून आणलं. त्यानं ट्यूबकडे पाहिलं. हसला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"अहो, कागदानं निळा उजेड वाढत नाय. बाकीचा अडतो फक्त. उजेडावरच जगतं ते, उपाशी राहिलंय."

"मग तुमच्याकडे न्या ना," बायको म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ओट्यावरची वाटी घेतली, टाकीत बुडवली आणि कोरल अलगद त्यात घेतलं.

पुढे कधीतरी ती म्हणाली, "अहो, आपलं कोरल फुललंय, चला ना बघायला." मी गेलो. निळ्या उजेडात सगळेच तुकडे हिरवट चमकत होते. त्यातलं आमचं कुठलं, मला ओळखू येईना. बायकोनं न शोधता काचेवर बोट ठेवलं. "हे."

निघताना शेजारीणवहिनींनी वाटीत चिवडा भरून दिला. बायको अजून बघत बसली होती, म्हणून वाटी घेऊन मी एकटाच घरी आलो.