सर्पगंधाच्या बाटल्या

आळंदहून कलबुर्गीला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. वय चाळिशीचं, मांडीवर थर्माकोलचा डबा. खड्डा आला की ती तो दोन्ही हातांनी अलगद वर उचलून धरायची.

"अक्का, अंडी हायत का?" मी विचारलं.

तिनं हसत झाकण उघडलं. काचेच्या बंद बाटल्यांत जेलीवर पिवळसर गोळे वाढले होते. "सर्पगंधा हाय. कॉलेजात पानाच्या तुकड्यापासून वाढवलाव. ह्याच्यातनं रक्तदाबाचं औषध निघतंय. किती निघतंय ते तपासायला न्यायलेय."

भर उन्हात बस पंक्चर झाली. उष्णतेनं गोळे मरतील म्हणून ती डबा घेऊन लिंबाखाली धावली. एका शेतकऱ्यानं आपल्या प्यायच्या पाण्यात पंचा भिजवून डब्याला गुंडाळला. कंडक्टर पुठ्ठ्यानं वारा घालू लागला.

"तान्ह्या लेकरागत जपायलीस की गं!" एक म्हातारी म्हणाली.

"मग? आमचे अप्पा औषधाला डोंगरातनं मुळ्या खणून आणायचे. मुळी काढली की झाड गेलं. आता तिथं एक बी दिसत न्हाई. अप्पांनी उपटलेलं मी बाटलीत लावायलेय."

हे सांगतानाही ती हसतच होती.

कलबुर्गीत तिनं एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. "समदे जित्ते हायत!"

सर्पगंधा कधीच न पाहिलेल्या आम्ही साऱ्यांनी हुश्श केलं, आणि मगच आपापल्या पिशव्या उचलल्या.